मराठी रविवार

गच्चीच्या कठड्यावर बाबांनी काढलेला तांबडा बाण अजून आहे. ऑइलपेंटचा. रंग उडालाय, टोक झिजलंय, पण दिशा तीच. बाणाशेजारी भिंतीत ठोकलेल्या दोन लोखंडी कड्या आहेत. त्यांतून एके काळी आमच्या टीव्हीच्या अँटेनाचा पाइप उभा असायचा. पाइप गेला, टीव्ही गेला, बाबाही गेले. झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या या क्वार्टरच्या दारावर आता चुन्याने मोठ्या अक्षरांत ‘परित्यक्त’ असं हिंदीत लिहिलंय, म्हणजे टाकून दिलेलं. ज्या चौकीदाराने मला शिडी चढू दिली, त्याला वाटलं की बाई बालपण शोधायला आल्यात. “आराम से देख लीजिए, दीदी,” तो म्हणाला आणि खाली बिडी ओढत बसला. मी मान डोलावली. खरं तर मी माझ्या गुन्ह्याची जागा बघायला आले होते, पण हे त्याला कुठे सांगत बसू.

आमच्या लहानपणी वाहिनी एकच होती, सरकारी, आणि ती जे दाखवील ते सगळ्यांनी मुकाट्याने बघायचं, असा सरळ कारभार होता. टीव्ही लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, वर आईने भरतकाम केलेला कपडा. रविवारी सकाळी बाबा तो कपडा घडी करून बाजूला ठेवायचे, दारं सरकवायचे आणि बटण फिरवायचे. आत काहीतरी तापल्याचा वास यायचा, धुळीचा आणि गरम लाकडाचा. मग पडद्यावर मुंग्या दिसायच्या. आम्ही त्या मुंग्याही बघायचो. कार्यक्रम सुरू व्हायला अजून अर्धा तास असला तरी चालायचं.

थंडीतले रविवार मला जास्त आठवतात. लोको शेडकडून कोळशाच्या धुराचा वास यायचा, कॉलनीभर मोहरीच्या तेलाने माखलेली डोकी उन्हात बसलेली असायची. सकाळी गाणी, मग मुलांसाठी काहीतरी, मग पौराणिक मालिका. मालिकेला आमची पुढची खोली माणसांनी भरून जायची. शेजारच्या पंडिताइन चपला बाहेर काढून, पदर डोक्यावर घेऊन टीव्हीला हात जोडायच्या. ती संपली की खोली ओसरायची. मग बहिऱ्यांसाठी बातम्या लागायच्या. एक बाई नुसत्या हातांनी देशाचं सगळं सुखदुःख सांगायच्या, आणि माझा धाकटा भाऊ त्यांच्यासारखे हात करून आईकडे खायला मागायचा. मध्येच कधी चित्र जायचं आणि पाटी यायची, ‘रुकावट के लिए खेद है’. तीही आम्ही मन लावून वाचायचो.

आणि दुपारी दुसऱ्या कुठल्या तरी भाषेतला सिनेमा. दर रविवारी वेगळी भाषा. कधी तमिळ, कधी आसामी, कधी बंगाली. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती वाचेपर्यंत माणसं रडून मोकळी झालेली असायची. कॉलनीतले बहुतेक लोक त्या वेळी टीव्ही बंद करून उन्हात झोपायचे. आमच्याकडे मात्र आई शनिवारच्या हिंदी पेपरात उद्याचे कार्यक्रम बोट ठेवून बघायची, मराठीची पाळी आली का म्हणून. ती यायला तीन-तीन, चार-चार महिने लागायचे. आली की आई हातातलं काम टाकून चपला घालायची आणि कॉलनीतली मराठी घरं फिरून सांगून यायची. एक निरोप बाबांच्या सायकलवरून जुन्या शहरातल्या दतिया गेटला जायचा. तिथे एक फार जुनं मराठी घर होतं. त्या घरातल्या वहिनींचं मराठी आमच्यापेक्षा इतकं जुनं होतं, की त्या टीव्हीला ‘यंत्र’ म्हणायच्या आणि ‘आम्हांस दिसेल ऐसे बसवा’ म्हणून पुढची जागा पकडायच्या.

याला आम्ही मराठी रविवार म्हणायचो.

त्या दिवशी घराचा वास बदलायचा. कुणी चकल्या आणायचं, कुणी मुगाचे लाडू. आणि इंदूमावशी भडंग आणायची, लसूण कुरकुरीत तळून घातलेलं. तिच्या हातातल्या डब्याचं झाकण उघडलं की बाकीचे सगळे वास मागे सरायचे.

इंदूमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. लोको शेडमध्ये फिटर असलेल्या पवारकाकांची ती नवी बायको. कृष्णेकाठच्या एका गावातून लग्न करून थेट झाशीला आलेली, विशी नुकती ओलांडलेली. पहिल्याच दिवशी मी तिला काकू म्हटलं तर म्हणाली, “काकू सासरची असती गं. हितं सगळं सासरच हाय. तू मला मावशी म्हण.” तिला हिंदी अजिबात येत नव्हतं. भाजीवाल्याशी ती बोटांनी बोलायची, त्या बातम्यांच्या बाईंसारखी. लिहिणं-वाचणंही जेमतेम सहीपुरतं. तिच्या वडिलांची पत्रं गावातल्या मास्तरांच्या हातची यायची आणि ती मी वाचून दाखवायची. मी हिंदी शाळेत पाचवीत होते. मराठी अडखळत वाचायचे, आणि ती प्रत्येक अडखळण्याला “सावकाश, बाय, सावकाश” म्हणायची. तिची घाई नसायची. पत्र संपू नये असंच तिला वाटत असणार.

तिचे वडील, आबा, होडी चालवायचे. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं, शेळ्या, वऱ्हाडं. एका पत्रात आलं की गावात सिनेमावाले आलेत आणि आबांची होडी त्यांनी दोन दिवसांसाठी ठरवली आहे. सिनेमातली लेक होडीत बसून सासरी निघते असा प्रसंग, आणि होडी वल्हवायला खरे आबाच. ते पत्र मला अजून पाठ आहे. मी ते तिला किती वेळा वाचून दाखवलं असेल कोण जाणे. ‘मला सांगितलं होतं की यंत्राकडं बघायचं न्हाई. पण मी एकदा वळून बघितलं. म्हटलं, आपली इंदी कुठं तरी बसून बघत असंल. आता ते ठिवत्यात का कापत्यात, देव जाणे.’ या ओळीवर मावशी दर वेळी हसायची आणि दर वेळी म्हणायची, “कापतील गं. लोकांला दया असती व्हय?”

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. ते पत्रही मीच वाचलं. पत्र पोचलं तेव्हा तेरावा उलटून गेला होता. ती गेली नाही. जाऊन आता बघायचं कोणाला, असं पवारकाका म्हणाले. आबांचा एकही फोटो नव्हता. होडीवाल्याचा फोटो कोण काढणार. मावशी कुठून तरी ऐकून आली होती की सिनेमावाल्यांचा सिनेमा टीव्हीवर लागतो. मग ती दर शनिवारी आईला विचारू लागली, “वहिनी, होडीचा लागलाय का हो?”

आणि त्याच थंडीत एका शनिवारी आई पेपर घेऊन धावतच तिच्याकडे गेली.

आता माकडांचं सांगायला हवं. झाशीत माकडं तेव्हाही होती, आत्ताही आहेत. चौकीदाराने मला शिडीवरून सांभाळून जा म्हटलं ते त्यांच्याच भीतीने. त्यांना अँटेना म्हणजे खास झोपाळा वाटे. एक माकड लोंबकळलं की कॉलनीतल्या एका घरातले सगळे देवबिव मुंग्यांत बुडून जायचे. म्हणून मराठी रविवारी आमच्याकडे रिवाज होता: एका मुलाने काठी घेऊन गच्चीवर राखण करायची. भाऊ धाकटा, म्हणून पाळी कायम माझी. मी वर बसायचे, सिनेमाचा आवाज खालून यायचा, आणि चित्र हललं की आई अंगणात येऊन ओरडायची, “गेलं गं! फिरव!” मी फिरवायचे. “आलं! आलं! आता हात काढ!” तांबड्या बाणावर आणून सोडलं की चित्र हमखास यायचं. बाबांनी ते एका सुट्टीत सगळी दुपार घालवून शोधून काढलं होतं.

आमची गच्ची आणि रश्मीची गच्ची यांच्यात फक्त एक कमरेएवढी भिंत होती. रश्मी माझी मैत्रीण, वर्गात शेजारी बसणारी. तिच्या घरी सगळे हळू बोलायचे. तिच्या आईला साडीला पिन लावायची सवय होती. मला रश्मी फार आवडायची, आणि तिला आवडावं म्हणून मी त्या वर्षी काय काय केलं ते आठवलं तरी कानशिलं तापतात. डब्यातली भाकरी घरीच विसरू लागले. रस्त्यात आई मराठीत बोलली तर हिंदीत उत्तर द्यायचे, आणि तेही असं, की लोकांना वाटावं ही बाई कोणी ओळखीची आहे, आई नव्हे. आईला ते कळत होतं. पुढे पुढे ती रस्त्यात माझ्याशी बोलेनाशी झाली.

त्या रविवारी रश्मी आणि तिच्या दोन चुलत बहिणी गच्चीवर उन्हात संत्री सोलत बसल्या होत्या. खाली आमच्या खोलीत तेरा-चौदा बायका. दतिया गेटच्या वहिनी नऊवारीत. कोणी हसलं की सगळ्या हसायच्या, कोणी रडलं की नाकं ओढायच्या, आणि मध्येच पडद्यावरच्या सासूला मोठ्याने शिव्या द्यायच्या. आवाज खिडकीच्या जाळीतून थेट वर. चुलत बहिणींपैकी एक म्हणाली, “तुम्हारे यहाँ झगड़ा हो रहा है क्या?” रश्मी हसली. मग म्हणाली, “नहीं, ये लोग ऐसे ही बोलते हैं.”

ये लोग. मी कठड्याला टेकून उभी होते, हातात माकडांची काठी. तेवढ्यात आई अंगणात आली. चित्र जरासं हललं होतं. तिने पदर खोचला आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “गेलं गं पोरी! फिरव! फिरव की!” शेजारच्या गच्चीवर तिघी लगेच म्हणू लागल्या, “फिरव! फिरव की!” आणि संत्र्याच्या साली उडवत हसत सुटल्या.

मी फिरवला. बाणावर नव्हे. पाइपला दोन्ही हातांनी धरून मी त्याचं तोंड पार उलट्या बाजूला, किल्ल्याकडे नेलं. खाली सगळा आवाज एकदम बंद झाला आणि नुसता खरखराट उरला. मला वाटलं, आता सिनेमा गेला तर बायका उठून आपापल्या घरी जातील. एवढंच माझं गणित होतं.

त्या गेल्या नाहीत. आई ओरडत राहिली. “काय झालं गं?” मी वरूनच ओरडले, “माकड! माकड बसलंय!” आणि काठी कठड्यावर आपटली, हुसकावल्यासारखी. रश्मी आता हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, कारण तिच्या डोळ्यांसमोर माकड नव्हतंच. मी मात्र तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आतून मावशीचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. “वहिनी, होडी गेली का हो? होडी गेली का?”

तेव्हा मी पत्राचा विचार केला नव्हता, असं म्हणायला मला आवडलं असतं. लहान होते, विसरले, खेळाच्या नादात झालं. तसं झालं नाही. मला ठाऊक होतं. सकाळीच तिने मला विचारलं होतं, लेक सासरी जाते ते सिनेमाच्या कितव्या भागात असतं, आणि मी शहाण्यासारखी सांगितलं होतं की बहुतेक मध्यापर्यंत येईल. तिचा आवाज ऐकूनही मी पाइप लगेच सोडला नाही. लगेच चित्र आलं असतं तर माकडाचं खरं वाटलं नसतं. मी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले, आणि मग पुन्हा एकदा. मग तो बाणावर आणला.

“आलं! आलं!” आई म्हणाली. पडद्यावर लेक सासरच्या दारात उभी होती. पायांना नदीचं पाणी लागलेलं.

मावशी शेवटपर्यंत बसून राहिली. आठवण म्हणून तरी होडी पुन्हा दाखवतील असं तिला वाटत होतं. सिनेमात कधी कधी दाखवतात. दाखवली नाही. सिनेमा संपल्यावर बायका उठल्या, वहिनींनी माकडांना शिव्या दिल्या, आई मावशीचा हात धरून म्हणाली, “पुन्हा लागेल गं. लावतात पुन्हा पुन्हा.” मावशीने सगळ्या ताटल्या गोळा केल्या, अंगणातल्या नळावर बसून विसळल्या. मी शिडी उतरून आले तेव्हा तिने ओल्या हाताने भडंगाची मूठ काढून माझ्यापुढे धरली. “घे. ऊन लागलं असंल वर.” मी घेतली. खाल्लीही. लसणाची चव त्या दिवशीसुद्धा तितकीच छान होती, हे मला आजही पचत नाही.

त्या संध्याकाळी हिंदी सिनेमा लागला, कॉलनी पुन्हा जमली, बातम्या झाल्या, झेंडा फडकला, दिवस संपला. त्या दिवसात सरकारने दोनदा ‘खेद है’ची पाटी लावली. माझ्याच्याने तेवढंही झालं नाही.

पुढे वर्षानुवर्षं मावशी प्रत्येक मराठी रविवारला आली, भडंगाचा डबा घेऊन. सिनेमा गमतीचा असो की रडका, ती उंबऱ्याजवळच्या तिच्या जागी बसायची, आणि नदी दिसली की पुढे सरकायची. तो सिनेमा परत कधी लागला नाही. मग रंगीत टीव्ही आले, केबल आली, भाषांच्या पाळ्या संपल्या. बाबा निवृत्त झाले आणि आम्ही नाशिकला आलो. गाडी सुटताना खिडकीतून तिने एक डबा आत दिला. मी तेव्हा कॉलेजात जाण्याएवढी मोठी होते. सांगायला दहा मिनिटं होती. मी डबा घेतला आणि “येते मावशी” म्हटलं.

गेल्या महिन्यात तो सिनेमा मला सापडला. त्याच सरकारी वाहिनीने आपली जुनी भांडारं उघडून काय काय फोनवर बघायला ठेवलंय. मी कित्येक वर्षं शोधत होते, म्हणजे शोधायला हवं असं मनात म्हणत होते. सापडल्यावर मी तो सगळा बघितला. लेक होडीत बसते. वल्हवणारा पाठमोरा, वल्हं डाव्या हाताकडून मारणारा. मध्यावर तो एकदा वळून बघतो, सरळ आपल्याकडे, आणि पटकन मान फिरवतो. कापलं नव्हतं. मी फोन उलटा ठेवला. तो चेहरा पहिल्यांदा बघण्याचा हक्क तिचा होता. तोही मीच घेऊन बसले होते.

झाशीतल्या एका जुन्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. नाही तर कोणी आलं नसतं इतक्या लांब. म्हणजे मी आले नसते.

गच्चीवरून उतरून मी ई-रिक्षाने प्रेम नगरला गेले. पवारकाका जाऊन सहा-सात वर्षं झाली. मावशी मुलाकडे राहते, दोन खोल्यांचं घर, दारात तुळस आणि एक जुनी स्कूटर. नात दार उघडून म्हणाली, “दादी, नासिकवाली दीदी आई हैं.” तिला मराठी कळतं, पण बोलायची वेळ आली की तोंड हिंदीतच उघडतं. मावशी पलंगावर पाय सोडून बसली होती. केस पांढरे, चष्मा, बाकी तीच. तिच्या बोलण्यात आता कितीतरी हिंदी आणि बुंदेली आलीय. पूर्वीचं ‘व्हय’ कुठे गेलं कोण जाणे, आता ती इथल्यासारखं ‘हओ’ म्हणते. “हओ, बस बिटिया. किती रोड झालीस. जेवलीस का?” नातीला तिने डबा आणायला पाठवलं. डबा बदललाय, आता प्लॅस्टिकचा आहे. वास तोच.

मी भडंगाला हात लावला नाही. म्हटलं, “मावशी, आधी एक ऐक. होडीचा सिनेमा लागला होता त्या दिवशी वर माकड नव्हतं.”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली.

मला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगू लागले, तर तिने हाताने थांबवलं. “टीव्हीच्या बाजूलाच तुमच्या अंगणाचं दार नव्हतं का? चित्र गेलं तशी मी बाहेर बघितलं. थंडीचं ऊन. गच्चीची सगळी सावली अंगणात पडलेली. अँटेना फिरताना दिसला. त्याला धरून कोण उभं हाय ते बी दिसलं. माकडाला दोन वेण्या नसत्यात, बिटिया.”

नात हसायला लागली आणि माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाली.

“मग बोलली का नाहीस?” मी विचारलं. “आईला सांगायचंस. मला मारायचं होतंस.”

“टीव्ही तुमचा हुता,” मावशी म्हणाली. “भांडण करून कुठं बसू? पुन्हा लागला तर मला यायचं हुतं की तुमच्याच घरात.” तिने चष्मा काढून पदराने पुसला. “दर खेपेला वाटायचं, आज लागंल. म्हणून यायची. तुझी आई म्हणायची, इंदूला सिनेमाचं लई वेड. म्हटलं, म्हणू दे.”

इतकी वर्षं मी त्या डब्याला माया समजत होते. मायाही असेल त्यात. पण तो आमच्या उंबऱ्याजवळची जागा राखून ठेवणाराही डबा होता, आणि हे मला पन्नाशी गाठल्यावर, तिच्या पलंगाच्या कडेवर बसून कळलं.

“राग आला असेल,” मी म्हटलं.

“हओ. आला हुता. लई वर्सं हुता.” हे ती स्वयंपाकातलं काही सांगावं तसं म्हणाली. “तुझं लग्न झालं कळलं, तवा बी हुता. मग हे गेले, मग गुडघे दुखाय लागले. आता धुंडलं तर कुठं तरी असंल पडलेला.” मग जरा थांबून म्हणाली, “तू आठवण ठिवलीस ते एक बरं केलंस. मला वाटायचं, हिला ठावं बी नसंल.”

मला रडू आलं, आणि त्याचीही लाज वाटली. रडायचं तिने की मी? नात पाणी घेऊन आली आणि आजीला विचारू लागली, “दादी, आपने कभी बताया क्यों नहीं? मैं फ़ोन में ढूँढ देती.” मावशी म्हणाली, “क्या बताती. तुमको क्या पता, होडी क्या होती है.”

मी फोन काढला. सिनेमा त्या जागेवर आणूनच ठेवला होता. मावशी सरळ बसली. पदर डोक्यावर घेतला, पंडिताइन मालिकेला बसताना घ्यायच्या तसा. नात तिच्या खांद्याशी येऊन उभी राहिली. मी फोन तिच्यासमोर धरला आणि लावला. नदी आली. ऐलतीर, पाण्यावरचं ऊन, सनईचा खरखरता आवाज. माझा हात इतका थरथरत होता की नदी, होडी, काठ सगळं एकत्र हलू लागलं.

मावशीने माझं मनगट धरलं. बोटं हाडकुळी झालीत तिची, पण पकड घट्ट होती.

“आता हलवू नगंस,” ती म्हणाली.

मी दुसऱ्या हातानेही फोन धरला. लेक होडीत चढली. पाठमोरा माणूस डाव्या हाताने वल्हं मारत निघाला. होडी मध्यावर आली आणि त्याने वळून बघितलं.

“व्हय,” मावशी म्हणाली.

त्याने मान फिरवली. तिने माझं मनगट सोडलं नाही.